कातरवेळेचं संगीत

'बेला लुगोसीज डेड' या गाण्यात माणसाचा आवाज यायला जवळजवळ तीन मिनिटं लागतात. तोवर ड्रमच्या कडेवर काठीचा कोरडा ठेका पडत राहतो. त्याचे पडसाद लांबतात, एकमेकांत मिसळतात, विरतात. बेस गिटार एकेक पायरी उतरत खाली येते. दुसरी गिटार सूर धरत नाही, नुसती करकरते, ओरखडे काढते. आणि मग पीटर मर्फी हलकेच गायला लागतो. गाणं नऊ मिनिटांहून मोठं आहे. १९७९च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनजवळ, वेलिंगबरो गावातल्या एका छोट्या स्टुडिओत चार तरुणांनी ते ध्वनिमुद्रित केलं. बँड जमून जेमतेम काही आठवडे झाले होते. बँडचं नाव बाउहाउस, जर्मनीतल्या त्या प्रसिद्ध कलाशाळेवरून घेतलेलं. गाण्याचा विषय होता १९३१च्या 'ड्रॅक्युला' चित्रपटातला नट बेला लुगोसी. तो १९५६ साली वारला आणि त्याला ड्रॅक्युलाचा झगा घालूनच पुरण्यात आलं.

गॉथिक रॉकचा उगम या गाण्यात आहे असं बरेच जाणकार सांगतात. मला ते पटतं, पण माझं कारण वेगळं आहे. वटवाघळं, शवपेट्या, काळे झगे हे सगळं त्या गाण्याच्या शब्दांत आहे. त्याचा खरा जीव मात्र त्याच्या घडणीत आहे. केविन हॅस्किन्स वाजवतो तो ठेका ब्राझीलच्या बोसा नोव्हाचा. पडसादांची ती करामत जमैकाच्या डब संगीतातून आलेली. म्हणजे युरोपातल्या पडक्या किल्ल्यांचं म्हणून ओळखलं जाणारं हे संगीत जन्मतःच दोन उष्ण, समुद्रकाठच्या देशांचं देणं लागतं. आणि या गाण्यात स्वरांइतकीच महत्त्वाची आहे ती स्वरांमधली मोकळी जागा. पुढच्या दहा वर्षांतल्या या पंथाच्या उत्तम गाण्यांकडे पाहिलं तर हेच दिसतं. बेस पुढे येतो आणि चाल सांभाळतो, गिटार मागे सरकून हवा बदलते, ड्रम जमीन धरून ठेवतात, आणि मधे पुष्कळ रिकामं सोडलेलं असतं. त्या रिकाम्या जागेत ऐकणाऱ्याने येऊन बसायचं.

या संगीताकडे मी परत आले ती २०२४च्या नोव्हेंबरात. 'द क्युअर' या बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' हा अल्बम तेव्हा सोळा वर्षांच्या खंडानंतर आला. त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ पासष्ट वर्षांचा झालेला. पहिलं गाणं 'अलोन' सुरू झालं आणि पुन्हा तीच तीन मिनिटांची वाट. आवाज येता येईना. आला तेव्हा तो तिशीतला वाटावा इतका तसाच होता, पण तो आता ज्या दुःखांबद्दल गात होता ती खरोखर वाट्याला आलेली होती. आईवडील गेलेले, थोरला भाऊ गेलेला. 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' हे गाणं त्या भावासाठीच आहे. विशीत त्याने मृत्यूबद्दल पुष्कळ लिहिलं होतं. पासष्टीत तो मृत्यूच्या शेजारी बसून लिहीत होता. ते ऐकल्यावर मला जुनं सगळं पुन्हा ऐकावंसं वाटलं, अगदी सुरुवातीपासून, क्रमाने.

आमच्या घरात हे संगीत आलं ते माझ्या मावसभावामुळे. तो बोटीवर होता. सुटीवर दादरला यायचा तेव्हा त्याच्या बॅगेत कुठल्या कुठल्या बंदरांत घेतलेल्या कॅसेट्स असायच्या, आणि आमच्याकडच्या टेपरेकॉर्डरवर आम्ही त्यांच्या प्रती काढायचो. कोऱ्या कॅसेटच्या कागदावर निळ्या पेनाने नावं लिहिलेली. तेव्हा मी नारायण धारपांच्या कादंबऱ्या पांघरुणात डोकं खुपसून वाचत होते, नंतर ग्रेस वाचायला लागले होते. या कॅसेट्स त्या दोघांच्या मधे कुठेतरी येऊन बसल्या. एकाची भीती, दुसऱ्याची सांज.

सांज म्हणताना आजी आठवते. तिन्हीसांजेला कोणी नुसतं बसलेलं तिला चालायचं नाही. "ए, ऊठ, दिवा लाव, हातपाय धू," म्हणायची. कातरवेळ ही लवकर ओलांडून जायची वेळ, तिच्यात रेंगाळायचं नाही, हे आपल्याकडे घरोघरी शिकवलेलं असतं, आणि त्यात शहाणपण आहेच. पण रेंगाळायची परवानगी देणारी एक जागाही आपल्याच परंपरेत आहे: मारवा राग. त्यात पंचम नाही. षड्जावर येणं गायक लांबवत राहतो, विसावा हातात येता येता सुटतो. आमीर खाँसाहेबांचा मारवा ज्याने सावकाश ऐकला आहे त्याला 'द क्युअर'चा 'फेथ' परका वाटणार नाही, असं मी खात्रीने सांगते.

'फेथ' १९८१चा. आठ गाणी. मुखपृष्ठावर यॉर्कशायरमधल्या बोल्टन ॲबीचे अवशेष आहेत, पण धुक्यात इतके बुडालेले की नुसता राखाडी रंग वाटावा. आतलं संगीतही त्याच रंगाचं. सायमन गॅलपचा बेस आणि रॉबर्ट स्मिथची सहा तारांची बेस गिटार, दोन्ही खालच्या पट्टीत एकमेकांभोवती फिरत राहतात. वर फारसं काही नाही. 'ऑल कॅट्स आर ग्रे' आणि 'द ड्राउनिंग मॅन' ही दोन गाणी मर्व्हिन पीकच्या 'गॉर्मेनघास्ट' कादंबऱ्यांवरून सुचलेली, म्हणजे इंग्रजी गॉथिक साहित्याशी थेट नातं सांगणारी. त्या वर्षीच्या दौऱ्यात त्यांनी आपल्याआधी दुसरा बँड ठेवायच्या ऐवजी 'कार्नेज व्हायझर्स' नावाचा एक ॲनिमेशनपट दाखवला, त्याला स्वतःचं संथ संगीत दिलं. म्हणजे श्रोत्याला त्या वातावरणात आधी मुरवायचं, मग गायचं. बडा ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हा संयम लगेच ओळखू येईल. पुढच्या वर्षीचा 'पोर्नोग्राफी' जास्त गाजला, जास्त भयाण आहे, आणि त्या दौऱ्यात बँड फुटलाही. मला तो मानाने ऐकावा लागतो, प्रेमाने नाही. १९८९चा 'डिसइंटिग्रेशन' मात्र पूर्ण प्रेमाचा. तो मोठ्या आवाजात ऐकला जावा म्हणून सिद्ध केला आहे असं त्यांनी अल्बमवरच छापलं होतं. दुःख पुटपुटायचं नसतं, त्याला सभागृहाएवढी उंची देता येते, हे त्या अल्बमने मला दाखवलं.

मँचेस्टरच्या 'जॉय डिव्हिजन'ला गॉथिक म्हणावं का, यावर वाद आहे. पण त्यांच्यावाचून पुढचं काहीच झालं नसतं. पीटर हूक बेसच्या वरच्या तारांवर चाल वाजवायचा, त्याचं कारण अगदी साधं: शेजारची गिटार इतकी मोठ्याने वाजायची की खालच्या सुरांत वाजवलेलं त्याचं त्यालाच ऐकू येत नसे. अडचणीतून शैली जन्मली आणि पुढे शेकडो बँडनी ती उचलली. १९७९चा 'अननोन प्लेझर्स' स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत निर्माता मार्टिन हॅनेटने घडवला. त्याने ड्रमचा प्रत्येक घाव सुटा केला, त्याला थंड, रिकामी खोली दिली. मुखपृष्ठावरच्या त्या पांढऱ्या डोंगररेषा म्हणजे १९६७ साली जोसेलिन बेलला सापडलेल्या पहिल्या पल्सारचे रेडिओ-स्पंद आहेत. आज त्या रेषा जगभर टी-शर्टांवर दिसतात. दूरच्या एका विझलेल्या ताऱ्याची ती नाडी आहे, हे माहीत असलं की ते चित्र वेगळं दिसतं. 'शीज लॉस्ट कंट्रोल' हे गाणं बँडचा गायक इयान कर्टिसने एका तरुणीवर लिहिलं. तो रोजगार कार्यालयात नोकरीला असताना ती तिथे यायची, तिला अपस्माराचा त्रास होता, पुढे ती वारली. नंतर त्यालाही तोच आजार निघाला. १८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, तेविसाव्या वर्षी त्याने आयुष्य संपवलं. त्या घटनेला रम्य रंग चढवणारं लिखाण मला सहन होत नाही. तो आजारी होता, थकलेला होता, आणि वयाने फार लहान होता.

मँचेस्टरच्या त्या गाण्यांत एक गेलेलं औद्योगिक शहर ऐकू येतं: ओस पडलेल्या गिरण्या, रिकामी गोदामं, कालव्यांचं काळं पाणी. आमच्या घरापासून गिरणगाव लांब नव्हतं. १९८२च्या जानेवारीत तिथला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, भोंगे थांबले, आणि त्यांतले पुष्कळ पुन्हा वाजलेच नाहीत. एके काळी मँचेस्टरच्या कापडाशी टक्कर दिलेल्या त्या गिरण्या. हॅनेटने त्या ड्रमभोवती ठेवलेली शांतता मला कुठून ओळखीची वाटत होती, ते सांगायला मला यापलीकडे शब्द लागत नाहीत.

आता 'जूजू'. या सगळ्यातला एकच अल्बम ठेवायचा झाला तर मी सूझी अँड द बॅन्शीजचा, १९८१च्या जूनमधला हा अल्बम ठेवीन. सूझी सू ही लंडनच्या उपनगरातली मुलगी. १९७६मध्ये हंड्रेड क्लबच्या पंक महोत्सवात ती पहिल्यांदा मंचावर चढली तेव्हा बँडने धड तालीमही केलेली नव्हती. पाच वर्षांत ती 'जूजू'पर्यंत आली. जॉन मॅकगिओक या गिटारवादकाचं नाव आज पुरेसं घेतलं जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. २००४ साली तो गेला. 'स्पेलबाउंड'मध्ये त्याची गिटार एकही सोलो घेत नाही. एकेक स्वर सुटा सुटा करून इतक्या वेगाने विणत राहते की गाणं जमिनीवरून थोडं उचललं जातं. त्याच्याखाली बजीचे ड्रम. तो जाड, खोल आवाजाच्या टॉम-टॉमवर फिरत राहतो. रॉक संगीतातला नेहमीचा झगमगाट काढून घेतला की मागे किती आदिम ताकद उरते, ते इथे ऐकावं. आणि त्या सगळ्यावर सूझीचा आवाज. तो गोड नाही, आर्जव करत नाही. तो हुकूम सोडतो.

याच अल्बमवर 'नाइट शिफ्ट' आहे. १९७५ ते १९८० या काळात यॉर्कशायर आणि मँचेस्टर भागात एका माणसाने तेरा बायकांचे खून केले. तो सापडला १९८१च्या जानेवारीत. तोवरची काही वर्षं लीड्स, ब्रॅडफर्डच्या बायकांनी संध्याकाळनंतर घराबाहेर पडताना मागे वळून पाहत काढली. बायकांनी रात्री घराबाहेर पडू नये असा सल्ला दिला जाऊ लागला, तेव्हा १९७७च्या नोव्हेंबरात लीड्सच्या बायकांनी रात्री मोर्चा काढला: रात्र आमचीही आहे, म्हणून. 'नाइट शिफ्ट' त्या खुन्याच्या सावलीतून लिहिलेलं गाणं आहे. ते संथ, जड पावलांनी येतं, आणि एका बाईने ते गायलेलं असल्यामुळे त्यातला थरार करमणुकीचा राहत नाही. या संगीतातला अंधार म्हणजे सजावट, हौशी मुलांची नाटकं, असं म्हणणाऱ्यांना मी हे गाणं ऐकवते. उत्तर इंग्लंडमध्ये त्या वर्षांत अंधाराला खरोखरच भ्यावं लागत होतं. काळे कपडे घालून, काळं काजळ लावून, केस उभे करून सूझीसारख्या दिसणाऱ्या हजारो मुली रस्त्यावर आल्या, त्या अंधाराला घाबरून घरात बसलेल्या मुली नव्हत्या.

लीड्सचाच बँड 'द सिस्टर्स ऑफ मर्सी', १९८०चा. लिओनार्ड कोहेनच्या गाण्यावरून घेतलेलं नाव. ड्रमरच्या जागी त्यांनी ड्रम मशीन घेतलं आणि त्याला 'डॉक्टर अव्हलान्श' असं भारदस्त नाव दिलं. माणसं आली, भांडली, गेली. डॉक्टर आजही बँडमध्ये आहे. अँड्र्यू एल्ड्रिचचा आवाज खर्जातला, इतका खाली की काही ओळी गाण्यापेक्षा जमिनीतून आल्यासारख्या वाटतात. मंद्र साधायला आपल्याकडे पहाटे उठून वर्षानुवर्षं रियाज करतात. याने तो खर्ज एकटेपणाच्या आणि गर्वाच्या मिश्रणातून काढला. १९८७चा 'फ्लडलँड' हा त्यांचा शिखर-अल्बम. त्यातलं 'दिस कोरोजन' जिम स्टाइनमनने घडवलं, मोठा गायकवृंद आणून. सुरुवात होते ती देवळात शिरल्यासारखी. १९९२ साली 'टेम्पल ऑफ लव्ह' त्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केलं तेव्हा येमेनी ज्यू घराण्यातली इस्रायली गायिका ओफ्रा हाझा हिला बोलावलं. तिचा आवाज चढत जातो आणि एल्ड्रिचचा तळाशी राहतो. दोघांमधली ती उभी दरी हे त्या गाण्याचं सौंदर्य आहे. १९९०नंतर या बँडने एकही नवा स्टुडिओ अल्बम काढलेला नाही. नवी गाणी ते फक्त कार्यक्रमांत गातात. आणि एल्ड्रिचला गॉथिक हा शिक्का मुळीच मान्य नाही. सूझीला नव्हता, रॉबर्ट स्मिथलाही नाही. ज्यांनी घर बांधलं त्यांतलं कोणीच त्या पत्त्यावर राहायला तयार नाही.

लंडनच्या सोहो भागात १९८२ साली 'बॅटकेव्ह' हा क्लब उघडला आणि या मंडळींना एक अड्डा मिळाला. पोशाखाची रीत बरीचशी तिथे ठरली. तिथून निघालेलं संगीत मला फारसं धरून ठेवत नाही. स्टीव्हनेजच्या 'फील्ड्स ऑफ द नेफिलिम'ची लांब कोटांवर पीठ उधळून जुन्या वेस्टर्न सिनेमातल्या धुळीचा आभास करण्याची रीत ऐकून अनेकजण त्यांना बाजूला ठेवतात. तसं करू नका. १९९०चा 'एलिझियम' एकदा सलग ऐका. त्यात गाणी एकमेकांत वाहत जातात आणि शेवटापर्यंत कुठे थांबावंसं वाटत नाही.

आणखी दोन नावं, जरा वेगळ्या वाटेची. स्कॉटलंडच्या ग्रेंजमथ या तेव्हा तेलशुद्धीकरणासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावातून आलेले 'कॉक्टो ट्विन्स' आणि मेलबर्नहून लंडनला आलेले 'डेड कॅन डान्स'. पहिल्या बँडची एलिझाबेथ फ्रेझर पुष्कळदा असे शब्द गाते की त्यांचा अर्थ लागत नाही; दुसऱ्या बँडची लिसा जेरार्ड तर स्वतःचीच भाषा गाते. पाश्चात्त्य समीक्षकांना याचं फार नवल वाटलं. तराणा आणि नोम्‌तोम् ऐकत वाढलेल्या माणसाला वाटायचं कारण नाही. अर्थ काढून घेतला की आवाजाला उरतो तो निव्वळ भाव, हे आपल्याला ठाऊक आहे. 'विदिन द रेल्म ऑफ अ डाइंग सन' हा 'डेड कॅन डान्स'चा १९८७चा अल्बम. त्याच्या दुसऱ्या बाजूला लिसा जेरार्ड एकटी गाते. ती बाजू मी कामं करता करता कधीच लावू शकलेले नाही. ती लागली की हातातलं काम थांबतं.

हे सगळं संपलेलं नाही. जर्मनीत लाइपझिगला १९९२पासून दर वर्षी व्हिटसनच्या सणाला मोठा महोत्सव भरतो, वीस हजारांच्या आसपास माणसं काळ्या वेशात शहरभर फिरतात, आणि त्यांत नातवंडांना घेऊन आलेले आजोबाही असतात. इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या व्हिटबीला, जिथे ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला किनाऱ्याला लागतो, १९९४पासून असाच मेळावा होतो. पण त्याच इंग्लंडमध्ये, लँकशायरच्या एका गावातल्या बागेत, २००७ साली अशा वेशातल्या तरुण जोडप्याला टोळक्याने केवळ ते वेगळे दिसतात म्हणून मारलं. वीस वर्षांची ती मुलगी त्यात गेली. त्यानंतर काही वर्षांनी मँचेस्टरच्या पोलिसांनी असे हल्ले द्वेषगुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली. या लोकांची मी जी गाणी वाचली, ऐकली, त्यांत कोणाला इजा करायची हाक मला कधी सापडली नाही. दुःखाकडे तोंड करून नीट उभं राहायची हाक मात्र सगळीकडे आहे.

हा सगळा इतिहास ज्यांना सविस्तर वाचायचा असेल त्यांनी 'द क्युअर'चा पहिला ड्रमर लॉल टोलहर्स्ट याचं 'गॉथ: अ हिस्टरी' वाचावं, २०२३चं. घरात राहिलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक आहे, त्यामुळे त्यात प्रेम जास्त आहे आणि मिरवणं कमी.

ऐकायला सुरुवात 'जूजू'पासून करा. मग 'फ्लडलँड', मग 'डिसइंटिग्रेशन'. 'फेथ' त्यानंतर, घाईत असाल तर नकोच. अल्बम सलग ऐका, गाण्यांचा क्रम बदलू नका, कारण तो क्रम विचार करून लावलेला आहे. ही सगळी गाणी आज फोनवर सहज मिळतात, पण फोनच्या स्पीकरवर ती ऐकू नका. त्यात खर्ज येत नाही, आणि या संगीतातून खर्ज गेला तर मागे फक्त काळे कपडे उरतात.